टाकीच्या भिंतींचे मोमेंट पायथनमध्ये रंगवताना : कामाच्या नोंदी

काम थोडक्यात असं. पाण्याची आयताकृती टाकी आहे, ६ मी × ४ मी, पाण्याची उंची ३ मी, भिंती २५० मिमी, तळाचा स्लॅब ३०० मिमी. भिंती आणि स्लॅब चार नोडच्या (कोपऱ्यातल्या बिंदूंच्या) शेल एलिमेंटमध्ये, म्हणजे पातळ पत्र्यासारख्या छोट्या तुकड्यांत, विभागून विश्लेषण होऊन गेलेलं आहे. या तुकड्यांचं जाळं म्हणजे मेश. सॉल्व्हरची (विश्लेषण करणाऱ्या प्रोग्रामची) स्वतःची चित्रं अहवालात घालावीत अशी नाहीत, आणि नोडवर सरासरी कशी काढली हे तो कुठेच सांगत नाही. त्यामुळे निकालाची टेक्स्ट फाइल घ्यायची आणि चित्रं पायथनमध्ये आपणच काढायची. हाताशी नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) आणि पायव्हिस्टा (त्रिमिती चित्रांची), म्हणजे आतून व्हीटीके हे चित्रणाचं इंजिन. जे सरळ झालं ते इथे एका ओळीत आहे. जे अडलं ते सविस्तर, कारण पुढचाही तिथेच अडणार.

५ जानेवारी

फाइल वाचली. प्रत्येक एलिमेंटला चार गॉस पॉइंट (एलिमेंटच्या आत सॉल्व्हर जिथे आकडे काढतो त्या ठरावीक जागा) आणि प्रत्येक पॉइंटवर आठ आकडे: तीन मेंब्रेन फोर्स, म्हणजे भिंतीच्या प्रतलातले जोर (एन-११, एन-२२, एन-१२), तीन मोमेंट, म्हणजे वाकवणारे आणि पिळणारे जोर (एम-११, एम-२२, एम-१२) आणि दोन शिअर, म्हणजे जाडीच्या दिशेने कापणारे जोर (क्यू-१३, क्यू-२३). सगळे दर मीटर रुंदीला. शेजारी गॉस पॉइंटचे कोऑर्डिनेटही छापलेले आहेत. ते पुढे फार कामाला आले.

पहिल्या चित्रात टाकीऐवजी कोळ्याचं जाळं दिसलं. नोडचे क्रमांक १ पासून सुरू होतात आणि मधले कित्येक गाळलेले आहेत. व्हीटीकेला मात्र ० पासून सलग इंडेक्स लागतो. क्रमांक सॉर्ट करून नमपायच्या सर्चसॉर्टेडने इंडेक्स काढले की काम झालं. काही ठिकाणी त्रिकोणी एलिमेंट चौकोन म्हणून लिहिलेत, शेवटचा नोड दोनदा देऊन. ते वेगळे काढून त्यांना त्रिकोणाचा सेल प्रकार (५) दिला, बाकीच्यांना चौकोनाचा (९). ८ हा आकडा चुकूनही देऊ नका. तो पिक्सेल प्रकार आहे, त्याचा नोडक्रम ओळीओळीने जातो आणि प्रत्येक एलिमेंट मधे पीळ मारल्यासारखं दिसतं.

७ जानेवारी

टाकीला हात लावण्याआधी एक पट्टी सोडवून घेतली: ४ मी लांब, १ मी रुंद, २०० मिमी जाड, एक टोक जखडलेलं, दुसऱ्या टोकावर खाली १० किलोन्यूटन. पॉयसन गुणोत्तर (एका दिशेत ताणल्यावर आडव्या दिशेत किती आक्रसतं ते) शून्य ठेवलं, म्हणजे आडव्या दिशेचा मोमेंट मधे लुडबुड करत नाही.

हा खटाटोप एवढ्यासाठी की एम-११ म्हणजे १ या अक्षाभोवतीचा मोमेंट, की १ या दिशेत स्ट्रेस निर्माण करणारा मोमेंट, यावर पुस्तकं आणि सॉफ्टवेअर यांचं एकमत नाही. चिन्हाचीही तीच गत. धन मोमेंटने वरची बाजू ताणात जाते की खालची, हे मॅन्युअलमधल्या बारीक आकृतीवरून ठरवण्यापेक्षा पट्टीला विचारावं. ती खोटं बोलत नाही. आमच्या फाइलमध्ये एम-११ म्हणजे १ या दिशेत स्ट्रेस देणारा मोमेंट निघाला.

जखडलेल्या टोकाशी मोमेंट १० × ४ म्हणजे ४० हवा. चित्रात ३७.५ आला. चित्रणाच्या कोडमध्ये शोधत बसू नका, चूक तिथे नाही. एलिमेंट अर्धा मीटर लांबीचे होते आणि या जातीच्या एलिमेंटमध्ये लांबीच्या दिशेने मोमेंट बदलत नाही. प्रत्येक एलिमेंट आपल्या मध्याचा आकडा देतं, आणि १० × ३.७५ म्हणजे ३७.५. टोकाचा आकडा हवा असेल तर मेश बारीक करावी लागते, रंग कितीही गुळगुळीत केले तरी तो येत नाही.

८ जानेवारी

टाकीचं पहिलं चित्र एम-११ चं काढलं. एकाच भिंतीवर बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके. काही एलिमेंट लाल, त्यांच्या शेजारचे निळे, आणि त्यात कसलीच संगती नाही.

कारण असं की एम-११ मधला १ हा प्रत्येक एलिमेंटचा स्वतःचा लोकल अक्ष असतो आणि तो नोडच्या क्रमावरून ठरतो. मेश बनवणाऱ्या प्रोग्रामने एका चौकोनाची सुरुवात खालच्या डाव्या कोपऱ्यातून केली, शेजारच्याची वरच्या डाव्यातून. झालं, एकाचा १ आडवा, दुसऱ्याचा उभा. आकडे दोघांचेही बरोबर आहेत, ते एका रंगपट्टीवर ठेवणं चूक आहे. वेगवेगळ्या सॉल्व्हरचे नियमही वेगळे. नॅस्ट्रानच्या चार नोडच्या शेलमध्ये अक्ष कर्णांमधला कोन दुभागून येतो. अबॅकसमध्ये ग्लोबल एक्स अक्ष पृष्ठभागावर प्रक्षेपित करतात आणि तो जवळजवळ नॉर्मलवरच (पृष्ठभागाला लंब दिशेवरच) आला तर झेड घेतात. आपल्या फाइलचा नियम माहीत असल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये.

उपाय: प्रत्येक एलिमेंटचे तीन मोमेंट त्याच्या लोकल अक्षांच्या मदतीने ग्लोबल अक्षांमधल्या ३ × ३ टेन्सरमध्ये (नऊ घरांच्या तक्त्यात) लिहून काढले. मेंब्रेन फोर्सचंही तेच केलं. एकदा सगळं ग्लोबलमध्ये आलं की कुठल्याही दिशेने विचारता येतं. दोन दिशादर्शक व्हेक्टर घ्यायचे आणि टेन्सरला दोन्ही बाजूंनी गुणायचं. नमपायच्या आइनसमने हे एका ओळीत होतं.

कुठल्या दिशेने विचारायचं हा पुढचा प्रश्न. सर्व एलिमेंटसाठी ग्लोबल एक्सचं प्रक्षेपण घेतलं तर दोन भिंती पूर्ण करड्या आल्या. त्या भिंतींचा नॉर्मलच एक्स दिशेत आहे, प्रक्षेपणाची लांबी शून्य, शून्याने भागल्यावर नॅन (‘आकडा नाही’), आणि नॅनला पायव्हिस्टा करडा रंग देते. बरं झालं करड्या आल्या. नॉर्मल जरासा तिरका असता तर काहीतरी दिशा निघाली असती आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. आता नियम साधा ठेवलाय: स्लॅबला ग्लोबल एक्स, भिंतींना आडवी दिशा म्हणजे ग्लोबल झेड आणि नॉर्मल यांचा क्रॉस गुणाकार. चित्रांची नावंही बदलली. एम-११ ऐवजी ‘आडवा मोमेंट’ आणि ‘उभा मोमेंट’. सळया लावणाऱ्याला तेच लागतं.

११ जानेवारी

वरची बाजू आणि खालची बाजू. स्लॅबमध्ये हे शब्द चालतात. भिंतीत ‘वर’ म्हणजे नॉर्मल ज्या बाजूला रोखलाय ती बाजू, आणि नॉर्मल पुन्हा नोडच्या क्रमावरून. आमच्या एका लांब भिंतीचा अर्धा भाग आतल्या बाजूला तोंड करून होता, अर्धा बाहेर. मधोमध उभ्या रेषेवर मोमेंटचं चिन्ह पालटत होतं.

पायव्हिस्टाच्या कम्प्यूट नॉर्मल्समध्ये नॉर्मल एकसारखे करण्याची सोय आहे. ती एलिमेंटचा नोडक्रम उलटवते, पण तुमच्या निकालांना हात लावत नाही. लावणार तरी कसा, तिच्या लेखी ते नुसते आकडे. म्हणून हे काम स्वतः केलं. दोन शेजारी एलिमेंट एकच कड विरुद्ध दिशांनी चालत असतील तर त्यांचे नॉर्मल जुळतात, एकाच दिशेने चालत असतील तर एकाला उलटवायचं. एका एलिमेंटपासून सुरुवात करून कडेकडेने पसरत जायचं. जिथे एका कडेवर तीन एलिमेंट भेटतात (मधली भिंत असेल तर, किंवा स्लॅब भिंतीबाहेर आलेला असेल तर) तिथे थांबायचं, कारण तिथे ‘जुळणं’ या शब्दाला अर्थच नाही. शेवटी प्रत्येक तुकड्याला हाताने सांगायचं की पाण्याकडची बाजू कुठली.

उलटवताना लोकल १ तोच ठेवला तर २ आणि नॉर्मल दोन्ही फिरतात. मग चिन्हं अशी बदलतात: एम-११ आणि एम-२२ उलटतात, एम-१२ तसाच राहतो. एन-११ आणि एन-२२ तसेच राहतात, एन-१२ उलटतो. क्यू-१३ उलटतो, क्यू-२३ तसाच. एम-१२ तसाच राहतो हे पटकन पटत नाही. जाडीची दिशा फिरली म्हणून तो एकदा उलटतो आणि २ चा अक्ष फिरला म्हणून पुन्हा एकदा. सगळ्या मोमेंटना सरसकट उणेने गुणणारा कोड मी दुसऱ्यांच्या प्रकल्पांत पाहिलाय. त्यात एम-११ आणि एम-२२ सुंदर दिसतात आणि कोपऱ्यातला पीळ उलटा असतो.

यानंतर चित्रांवरून ‘वर’ आणि ‘खाली’ हे शब्द हद्दपार. ‘पाण्याकडची बाजू’ आणि ‘बाहेरची बाजू’ एवढंच.

१५ जानेवारी

गॉस पॉइंटवरून नोडवर. २ × २ गॉस पॉइंटचे आकडे कोपऱ्यांपर्यंत ताणायचे गुणक ठरलेले आहेत: जवळच्या पॉइंटला १.८६६, शेजारच्या दोघांना उणे ०.५, समोरच्याला ०.१३४. बेरीज १ येते. प्रश्न फक्त फाइलमधल्या क्रमाचा. काही प्रोग्राम कोपऱ्यांसारखे गोल फिरतात, काही ओळीने लिहितात, आणि तिसरा-चौथा पॉइंट आपसात बदललेला असला तरी चित्र पाहून कळेलच असं नाही.

इथे गॉस पॉइंटचे कोऑर्डिनेट उपयोगी पडले. एक्स कोऑर्डिनेट हाच ‘निकाल’ समजून तो कोपऱ्यांवर ताणला. क्रम बरोबर असेल तर नोडचा एक्स जसाच्या तसा परत यायला हवा, कारण चौकोनात तो बायलिनिअरच (दोन्ही दिशांना सरळ रेषेत बदलणारा) असतो. आला नाही. फाइल ओळीने लिहीत होती. तिसरा आणि चौथा पॉइंट अदलाबदल केल्यावर फरक दशांशाच्या शेवटच्या घरात गेला. पाच मिनिटांची चाचणी आहे, चुकवू नका.

मग नोडवरची सरासरी. ग्लोबल टेन्सर हाताशी होतेच, त्यामुळे एका नोडला भिडणाऱ्या सर्व एलिमेंटची सरासरी काढली. चित्र देखणं आलं. फक्त भिंतीच्या पायथ्याशी उभा मोमेंट अचानक मवाळ झाला होता.

हाताने ताळा असा. ३ मी पाण्याला अडवणाऱ्या सुट्या कॅन्टिलिव्हर भिंतीच्या पायथ्याशी मोमेंट ९.८१ × ३³ ÷ ६ म्हणजे ४४.१ किलोन्यूटन-मीटर दर मीटर. लांब भिंतीच्या मध्यावर खरा आकडा याहून कमी असणार, कारण बाजूच्या भिंती थोडा भार उचलतात. पण गॉस पॉइंटवरचा आकडा आणि चित्रातल्या पायथ्याचा आकडा यांत जवळजवळ दुपटीचा फरक होता. पायथ्याच्या नोडला दोन एलिमेंट भिंतीचे आणि दोन स्लॅबचे. भिंतीचा उभा मोमेंट टेन्सरमध्ये झेड-झेड या घरात बसतो. स्लॅबच्या टेन्सरमध्ये ते घर रिकामं. चौघांची सरासरी म्हणजे बरोबर निम्मा. आणि हे घडतं नेमकं तिथे, जिथे सर्वांत जास्त सळया लागतात. चित्र पाहून कुणालाही शंका येणार नाही, कारण रंग कुठेच तुटत नाहीत.

उपाय म्हणजे सरासरीला कुंपण घालणं. शेजारच्या एलिमेंटशी नॉर्मलचा कोन २० अंशांपेक्षा कमी आणि जाडी तीच, तरच दोघे एका पॅचमध्ये. मग नोड आणि पॅच या जोडीचा एक क्रमांक बनवला (नोड × एकूण पॅच + पॅच), त्यावर नमपायचं युनिक चालवलं आणि बिनकाउंटने सरासरी काढली. यातून जी मेश मिळते तिच्यात कोपऱ्यातल्या रेषेवरचे नोड आपोआप दुहेरी होतात. भिंतीचा आकडा भिंतीकडे, स्लॅबचा स्लॅबकडे. पुढचं सगळं काम याच मेशवर.

आणखी एक चित्र कायमचं जोडलं: प्रत्येक नोडवर पॅचमधल्या एलिमेंटच्या आकड्यांत किती तफावत आहे ते. जिथे ही तफावत मोठी तिथे मेश जाड, म्हणजे एलिमेंट मोठे आहेत. हे चित्र अहवालात जात नाही, पण सर्वांत आधी मी तेच उघडतो.

१६ जानेवारी

व्हॉन मिसेस, म्हणजे धातूसाठी सगळे स्ट्रेस मिळून काढलेला एकच आकडा. काँक्रीटच्या टाकीला याचा उपयोग नाही, पण हाच कोड पुढे स्टीलच्या पत्र्यांसाठी वापरायचा आहे. दोन बाजूंचे स्ट्रेस: एन ÷ जाडी, अधिक-उणे ६ × एम ÷ जाडीचा वर्ग. आधी सरासरी काढून मग व्हॉन मिसेस, की आधी व्हॉन मिसेस आणि मग सरासरी? पहिल्या क्रमाने आकडा नेहमी कमी किंवा तेवढाच येतो. एका एलिमेंटमध्ये +१०० आणि शेजारी −१०० असेल तर पहिल्या क्रमाने शून्य, दुसऱ्याने १००. मी पहिला क्रम ठेवलाय, कारण घटकांची सरासरी हीच खरी, आणि असा विरोध कुठे असला तर तफावतीचं चित्र बोंब मारतंच.

१९ जानेवारी

स्लॅबच्या कोपऱ्यात पिळाचा मोमेंट तपासायला चारही कडांवर टेकलेला चौरस स्लॅब घेतला. पुस्तकातले आकडे पाठ आहेत: पॉयसन ०.३ ला मध्याचा मोमेंट ०.०४७९ × भार × बाजूचा वर्ग, कोपऱ्यातला पीळ ०.०३२५ × तेच. ५ मी बाजू आणि १० किलोन्यूटन दर चौरस मीटर भार धरला की ११.९८ आणि ८.१३. दोन्ही जुळत आले.

रंग मात्र नाहीत. मोमेंटचे कंटूर (समान किमतींच्या रेषा) कर्णाच्या दिशेने दातेरी दिसत होते. व्हीटीके चौकोन पडद्यावर काढताना त्याचे दोन त्रिकोण करते आणि रंग त्रिकोणात भरते. चार कोपऱ्यांवर +१, −१, +१, −१ असतील तर मध्ये शून्य हवा. पण कर्ण जर दोन +१ जोडत गेला तर त्या अख्ख्या कर्णावर +१ दिसतो. एकाच एलिमेंटमध्ये धार उभी राहते, जी निकालात नाहीच. जाड मेशमध्ये हे डोळ्यात खुपतं.

प्रत्येक चौकोनाचे ४ × ४ तुकडे केले आणि आतल्या बिंदूंवर आकडे बायलिनिअर फंक्शनने काढले. दातेरीपणा गेला. पॉइंट वाढतात, पण कुरकुर करावी इतके नाहीत. अट एकच: एलिमेंटच्या कडा दाखवायच्या तर मूळ मेशच्या कडा वेगळ्या थराने काढा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं मेश एवढी बारीक होती. ती फसवणूक होईल.

याच सुमारास पाहिलेली दुसरी गोष्ट: पायव्हिस्टामध्ये ‘इंटरपोलेट बिफोर मॅप’ चालू असतं ते तसंच राहू द्या. बंद केलं की आकड्यांऐवजी रंगच मिसळले जातात आणि लाल-निळ्याच्या मधे रंगपट्टीवर नसलेला जांभळा उगवतो.

२२ जानेवारी

रंगपट्टी. इंद्रधनुषी जेट काढून टाकली. तिच्यातला पिवळा पट्टा निकालात नसलेली कड दाखवतो. चिन्ह असलेल्या राशींना (मोमेंट, मेंब्रेन फोर्स) निळा-पांढरा-लाल, आणि मर्यादा शून्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या. पांढरा म्हणजे शून्य, हे एकदा डोळ्यात बसलं की चित्र वाचायला वेळ लागत नाही. फक्त धन राशींना व्हिरिडिस (जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंतची रंगपट्टी). १० पट्टे ठेवले. सलग रंगात आकडा वाचता येत नाही, पट्ट्यात येतो.

पाइपसाठी भिंतीत चौकोनी भोक आहे. त्याच्या आतल्या कोपऱ्यात मेश जितकी बारीक कराल तितका आकडा वाढत जातो. त्या दोन-चार नोडमुळे बाकी अख्खी टाकी फिकट पांढरी. मर्यादा २ आणि ९८ पर्सेंटाइलवर आणल्या आणि त्यापलीकडच्यांना वेगळा ठळक रंग दिला. नुसतं कापून टाकलं असतं तर शिखर लपलं असतं. आता ते दिसतंही आणि बाकीच्यांना गिळतही नाही. भोकाच्या कडेची कमाल किंमत चित्राखाली वेगळी लिहितो.

२५ जानेवारी

जाडी दाखवायची हौस. मध्यपृष्ठ नोडच्या नॉर्मलवर अर्धी जाडी इकडे, अर्धी तिकडे सरकवून दोन पृष्ठं. पाण्याकडचे स्ट्रेस आतल्या पृष्ठावर, बाहेरचे बाहेरच्या. फिरवून पाहिलं की कुठली बाजू ताणात आहे ते एका नजरेत कळतं. दोन सपाट चित्रं शेजारी ठेवून हे कधी साधत नाही.

अडचण विरूपित आकाराची. विस्थापन २०० पट मोठं करून दाखवताना नॉर्मलही फिरवायचा म्हणून रोटेशनसुद्धा २०० पट घेतलं, तर लहान कोनाचं सूत्र लागू राहत नाही आणि भिंत जागोजागी फुगते. फिरवलेला नॉर्मल पुन्हा एकक लांबीचा केला की फुगवटा जातो. कोपऱ्यात भिंत आणि स्लॅब एकमेकांत घुसतात, त्याकडे दुर्लक्ष केलं. सांधा व्यवस्थित मिटवायचा तर अर्धी जाडी कोनानुसार वाढवावी लागते, आणि त्यात वेळ घालवण्याजोगं काही नाही.

२७ जानेवारी

मुख्य मोमेंटच्या दिशा, म्हणजे जिथे पीळ उरत नाही त्या. प्रत्येक एलिमेंटच्या २ × २ टेन्सरवर नमपायचं आयगन-एच (मुख्य किमती आणि त्यांच्या दिशा, म्हणजे आयगनव्हेक्टर, काढणारं फंक्शन) एकदमच चालतं. बाण काढू नका. आयगनव्हेक्टरचं चिन्ह मनमानी असतं, शेजारचे बाण उलटसुलट दिसतात. टोक नसलेल्या छोट्या रेघांची फुली पुरते, लांबी किमतीच्या प्रमाणात, ताण आणि दाब वेगळ्या रंगात. दोन्ही मुख्य किमती सारख्या आल्या की दिशा कुठलीही येते, तिथे फुली वेडीवाकडी दिसली तरी चिंता नको.

सळयांसाठी वुड-आर्मर, म्हणजे पीळ धरून सळयांचा मोमेंट ठरवण्याची पद्धत. खालच्या सळयांना एम-एक्स अधिक एम-एक्सवायची निरपेक्ष किंमत, वरच्यांना वजा, आणि चिन्ह पालटलं तर शून्य धरून दुसऱ्या दिशेची दुरुस्ती. इथे क्रम महत्त्वाचा: प्रत्येक भारसंयोगाला (एकाच वेळी येणाऱ्या भारांच्या गटाला) वुड-आर्मर लावायचं आणि मग त्यातली कमाल घ्यायची. आधी तिन्ही मोमेंटची वेगवेगळी कमाल काढून मग सूत्र लावलं तर एकाच वेळी कधीच न आलेले आकडे एकत्र येतात.

भारसंयोग वाढल्यावर पायथनचं एलिमेंटवार लूप रांगायला लागलं. सगळं अ‍ॅरेत बसवल्यावर तेच काम पापणी लवायच्या आत. स्क्रीन नसलेल्या सर्व्हरवर चित्रं काढायला ऑफ-स्क्रीन पर्याय पुरला.

२ फेब्रुवारी

शेवटचा मोठा ताळा वक्र शेलवर. स्कॉर्डेलिस-लो छत, म्हणजे शेलचे प्रोग्राम तपासायचं ठरलेलं उदाहरण, नळीच्या कापासारखं: त्रिज्या २५, लांबी ५०, जाडी ०.२५, अर्धा कोन ४० अंश, दर चौरस एककाला ९० वजन, पॉयसन शून्य, दोन्ही टोकं कडक डायफ्रॅमवर (टोकाच्या उभ्या पडद्यांवर). मोकळ्या कडेच्या मध्यावर खाली ०.३०२४ यायला हवं. मेश बारीक करत गेल्यावर तिकडे सरकत गेलं. शेजारच्या एलिमेंटमधला कोन ५ अंश, त्यामुळे २० अंशांच्या कुंपणात अख्खं छत एकच पॅच राहिलं, तेही बरं.

पण विस्थापन जुळलं म्हणजे फोर्सची चित्रं जुळली असं नाही. म्हणून मधोमध आडवा छेद घेतला. छत बाहेरून पाहिलं तर साधी टेकलेली तुळईच. दर एकक लांबीला वजन ९० × २५ × १.३९६३ म्हणजे ३१४१.६, मध्याचा मोमेंट त्यावरून (× ५०² ÷ ८) ९,८१,७४८. छेदावरचे लांबीच्या दिशेचे मेंब्रेन फोर्स गुणिले त्यांची उंची, अधिक शेलचा स्वतःचा मोमेंट गुणिले कोनाचा कोसाइन, या सगळ्याची बेरीज एवढीच यायला हवी. आणि नुसत्या मेंब्रेन फोर्सची बेरीज शून्य, कारण टोकांना लांबीच्या दिशेने धरलेलं नाही.

नोडवर सरासरी केलेल्या आकड्यांवरून बेरीज थोडी कमी पडली. मेश जाड असेल तिथे ती कमी पडणारच. मग छेदाच्या एका बाजूच्या एलिमेंटचे नोडल फोर्स (एलिमेंट आपल्या नोडवर लावतं ते जोर) घेऊन बेरीज केली. हे फोर्स समतोलातच असतात, त्यामुळे उत्तर तंतोतंत यायला हवं होतं. आलं ९,८१,४३६. तीनशे बाराचा फरक. राउंडिंगला एवढा फरक पडत नाही.

फरक वजनातच होता. परिघावर १६ एलिमेंट, म्हणजे ५ अंशांचा एकेक सरळ तुकडा. कमानीऐवजी जीवा मोजली जाते आणि लांबी ०.०३ टक्क्यांनी कमी भरते. २.५ अंशांचा साइन भागिले तोच कोन रेडियनमध्ये, याने ९,८१,७४८ ला गुणलं की नेमके ९,८१,४३६.

यापुढे छेदाची बेरीज नोडल फोर्सवरूनच काढायची, रंगवलेल्या आकड्यांवरून नाही. दोन्हींतला फरक छेदाच्या चित्राखाली टक्क्यांत छापला जातो. टाकीच्या चारही भिंतींच्या पायथ्याचे छेद या पद्धतीने काढून झाले. मधल्या भिंतीचा कोड, जिथे एका कडेवर तीन पॅच भेटतात, अजून बाकी आहे.